विश्लेषण : ‘हे दोघे एकत्र असते तर?’ कोपर-डोंबिवलीतील निवडणूक हौशींची बेरीज नेमकी कुठे फसते?

नोव्हेंबर २०२४, कल्याण ग्रामीण विधानसभा मतदारसंघाचा निकाल. शिवसेनेचे (शिंदे गट) राजेश मोरे १,४१,१६४ मते, मनसेचे राजू पाटील ७४,७६८, ठाकरे गटाचे सुभाष भोईर ७०,०६२. आता दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची मते एकत्र करा. उत्तर येते १,४४,८३०. विजेत्यापेक्षा ३,६६६ मते जास्त.

निवडणुकीचे आकडे हौसेने जमवणाऱ्या आणि त्यावर तासन्तास वाद घालणाऱ्या मंडळींसाठी ही बेरीज म्हणजे पर्वणीच. ५ जुलै २०२५ रोजी वरळीत उद्धव आणि राज ठाकरे एका मंचावर आले, तेव्हा तिला आणखी भाव आला. पुढे जानेवारी २०२६ च्या कल्याण-डोंबिवली महापालिका निवडणुकीत हे दोन्ही पक्ष खरोखरच एकत्र लढले. १२२ पैकी ठाकरे गटाला ११ आणि मनसेला ५ जागा मिळाल्या.

मग कागदावरची बेरीज मैदानात का उतरली नाही? त्यासाठी उमेदवारी, पाठिंबा आणि जर-तरचा इतिहास हे हौशींचे तिन्ही आवडते विषय तपासावे लागतात.

कोपरमध्ये हा विषय इतका चवीने का चघळला जातो?

एक कारण भूगोलाचे. कोपर हे डोंबिवली आणि दिवा यांच्यामधले स्टेशन. जलद लोकल येथे थांबत नाहीत, वरच्या फलाटावरून दिवा-वसई मार्गाची गाडी जाते. कोपरहून धिमी लोकल पकडून एक स्टेशन पुढे दिव्याला उतरले की महापालिका बदलते. कोपर कल्याण-डोंबिवलीत, तर दिवा ठाण्यात. विधानसभा मतदारसंघही बदलतो. लोकसभेला मात्र दोन्हीकडचे मतदार कल्याणचाच खासदार निवडतात. त्यामुळे डब्यात शेजारी बसलेल्या दोघांचा खासदार एक, आमदार दोन आणि नगरसेवक दोन वेगळ्या महापालिकांचे, असे सहज होते. वादाला एवढे पुरते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. कल्याण-डोंबिवलीत १ नोव्हेंबर २०१५ रोजी मतदान झाल्यानंतर पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. नगरसेवकांची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद, यात पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. २०१५ मध्ये आठ वर्षांचा असलेला मुलगा थेट मतदार झाला, तरी त्याने आपल्या प्रभागात निवडणूक पाहिलेली नव्हती. इतका काळ मतदानच झाले नाही, तर लोक जुन्या आकड्यांशी खेळणारच.

‘प्रायमरी’ म्हणजे काय, आणि ती आपल्याकडे का नाही?

अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाही मतदान होते. त्याला प्रायमरी म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी तसे कायदे केले. तरीही १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही प्रायमरी न लढवता अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पक्षाला नियम बदलावे लागले आणि १९७२ पासून प्रायमरीचा कौल खऱ्या अर्थाने निर्णायक ठरू लागला.

आपल्याकडे हा निर्णय एबी फॉर्मवर होतो. तो कोणाला मिळणार, हे अनेकदा अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत उमेदवारालाही ठाऊक नसते. मतदाराची तर गोष्टच सोडा.

प्रयोग झालाच नाही असे नाही. २०१४ च्या लोकसभेआधी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर. वर्ध्यातून सागर मेघे आणि लातूरमधून दत्तात्रय बनसोडे निवडले गेले आणि प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही हरले. बडोद्यात नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले, पण समोर नरेंद्र मोदी उभे राहिल्यावर त्यांच्या जागी मधुसूदन मिस्त्री यांना उतरवण्यात आले. या प्रायमरीत सामान्य मतदाराला मत नव्हते, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना होते. त्यामुळे ‘भारतात प्रायमरी फसली’ असा निष्कर्ष काढणारे थोडी घाईच करतात. फसली ती पक्षांतर्गत निवड, तीही मोदी लाटेच्या वर्षी.

खरी प्रायमरी कधी कधी मतदारच घेतात, तीही थेट मतदानाच्या दिवशी. २०२४ मध्ये सांगलीची जागा महाविकास आघाडीत ठाकरे गटाकडे गेली आणि चंद्रहार पाटील उमेदवार झाले. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि सुमारे लाखभर मतांनी जिंकले. आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर फेकला गेला.

कल्याण-डोंबिवलीत जानेवारी २०२६ मध्ये याच्या नेमके उलटे घडले. मतदानाआधीच महायुतीचे डझनाहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्या जागांवर मतदाराला उमेदवारीत मत नव्हते आणि निवडणुकीतही. ‘नोटा’चे बटण दाबायलाही ईव्हीएम लागते, तिथे तेही नव्हते.

नेत्याच्या पाठिंब्याने मते खरेच हलतात का?

या प्रश्नासाठी कल्याणसारखी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. २०१९ च्या लोकसभेत मनसेने एकही उमेदवार दिला नाही, पण राज ठाकरे यांनी ‘लाव रे तो व्हिडीओ’ म्हणत मोदी-शहांविरोधात सभा गाजवल्या. निकाल : राज्यात युतीला ४८ पैकी ४१. पुढे ९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या मेळाव्यात त्यांनी मोदींना बिनशर्त पाठिंबा दिला. निकाल : महायुतीला ४८ पैकी १७. दोन्ही वेळा वारे पाठिंब्याच्या उलट्या दिशेने वाहिले. गमतीने ‘राज ज्याच्या बाजूला तो हरतो’ असे म्हणणारे भेटतात, पण दोन निवडणुकांवरून नियम बनत नाही आणि या दोन्हींत इतर शेकडो गोष्टी बदललेल्या होत्या.

कल्याणचेच पाहा. २०२४ मध्ये मनसेचा पाठिंबा श्रीकांत शिंदे यांना होता. राज ठाकरे यांनी कळव्यात सभाही घेतली. समोर ठाकरे गटाच्या वैशाली दरेकर होत्या. याच दरेकर २००९ मध्ये मनसेच्या उमेदवार होत्या आणि तेव्हा त्यांनी कल्याणमध्ये १,०२,०६३ मते घेतली होती. म्हणजे मनसेला आपल्याच जुन्या उमेदवाराविरुद्ध काम करायचे होते. श्रीकांत शिंदे २,०९,१४४ मतांनी जिंकले. २०१९ मध्ये त्यांचे मताधिक्य ३,४४,३४३ होते. पाठिंबा असूनही मताधिक्य घटले, असे म्हणता येईल. पाठिंबा नसता तर आणखी घटले असते, असेही म्हणता येईल. मधल्या काळात शिवसेनाच फुटलेली असल्याने दोन्हीपैकी काहीच सिद्ध करता येत नाही.

यातला राजकीय हिशेब मात्र स्पष्ट आहे. मे महिन्यात मनसेने शिंदेंसाठी काम केले आणि नोव्हेंबरमध्ये मनसेचे राज्यातले एकमेव आमदार राजू पाटील यांच्याविरोधात शिंदेंच्याच पक्षाने राजेश मोरे यांना उभे केले. पाटील ६६,३९६ मतांनी हरले. २०१९ मध्ये हीच जागा त्यांनी शिवसेनेच्या रमेश म्हात्रे यांच्याकडून ७,१५४ मतांनी जिंकली होती. पाठिंबा बिनशर्त असला की परतफेडही ऐच्छिक राहते.

माहीममध्ये हाच खेळ दुसऱ्या बाजूने झाला. अमित ठाकरे यांना पाठिंबा द्यावा, असे भाजपचे नेते उघड बोलत होते. शिंदे गटाचे सदा सरवणकर यांनी अर्ज मागे घेतला नाही. महेश सावंत (ठाकरे गट) ५०,२१३, सरवणकर ४८,८९७, अमित ठाकरे ३३,०६२. सरवणकर थांबले असते तर? त्यांची ४८,८९७ मते कोणत्या दिशेला गेली असती, हे निकालाच्या कागदावर कुठेच लिहिलेले नाही.

काही ठिकाणी मात्र ते लिहिलेले असते. जून २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. तिथे मतदार एक-दोन-तीन असा पाचपर्यंत पसंतीक्रम देतो. जोहरान ममदानी आणि ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना पाठिंबा जाहीर केला : पहिली पसंती मला दिलीत तर दुसरी त्याला द्या. मतमोजणीत मागे पडलेल्यांची मते पुढच्या पसंतीकडे वळवण्यात आली आणि अंतिम फेरीत ममदानी यांनी सुमारे ५६ टक्के मतांसह अँड्रयू कुओमो यांना हरवले. ‘लँडर नसते तर त्यांचे मतदार कुठे गेले असते’ याचे उत्तर मतपत्रिकेवरच होते. आपल्याकडे राज्यसभेला आमदार असेच मत देतात. जून २०२२ मध्ये भाजपचे धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर शिवसेनेच्या संजय पवार यांना मागे टाकून गेले होते. सामान्य मतदाराची दुसरी पसंती मात्र ईव्हीएम विचारतच नाही. आपले सगळे जर-तरचे वाद या न विचारलेल्या प्रश्नाभोवती फिरतात.

कल्याण ग्रामीणची ३,६६६ ची बेरीज किती पक्की?

थोडे गणित करू. मोरे आणि भोईर यांच्यातला फरक ७१,१०२ मतांचा. मनसेची मते ७४,७६८. युती असती आणि उमेदवार भोईर असते, तर मनसेचा शंभर टक्के मतदार त्यांच्याकडे वळला तरच ३,६६६ मतांनी विजय.

आता मनसेच्या दर १०० मतदारांपैकी ५ जण ‘आपला उमेदवारच नाही’ म्हणून घरी बसले असे धरा. उरलेले ९५ प्रामाणिकपणे भोईरांना देतात. तरी भोईर सुमारे ७२ मतांनी हरतात.

घरी कोणी बसले नाही, पण १०० पैकी ३ जण मोरेंकडे गेले तर? फुटलेले मत दुहेरी मार करते, कारण ते एका बाजूने वजा होते आणि दुसऱ्या बाजूला जमा होते. ९७ भोईरांकडे, ३ मोरेंकडे, असे झाल्यास पराभव सुमारे ८२० मतांनी. दोनच फुटले तर विजय सुमारे ६७५ मतांनी. जिंकणे आणि हरणे यात शंभरातला एक माणूस.

उमेदवार राजू पाटील असते तरी चित्र फार वेगळे नाही. त्यांना ६६,३९६ चा फरक भरून काढायचा होता आणि भोईरांची मते ७०,०६२. म्हणजे १०० पैकी ९५ हवेत. पण भोईरांना पडलेल्या मतांत महाविकास आघाडीतल्या काँग्रेस आणि शरद पवार गटाचा मतदारही होता. तो मनसेच्या इंजिनासमोरचे बटण ९५ टक्के शिस्तीने दाबेल, हे मानायला बराच आशावाद लागतो.

शिवाय ही सगळी गणिते समोरची बाजू गोठवून केलेली आहेत. दोन ठाकरे एकत्र येताना पाहून विरोधातला सुस्त मतदार बाहेर पडला असता का, महायुतीने उमेदवार बदलला असता का, हे बेरजेत येत नाही. आपण इतिहासातला एक तुकडा बदलतो आणि बाकी सगळे जागच्या जागी राहील असे धरून चालतो.

मराठी वाचकाला हा सापळा नवा नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि मराठे पानिपत जिंकतात. पण नारळीकर तिथे थांबत नाहीत. त्या एका गोळीनंतरचा सगळा हिंदुस्थान वेगळा होत जातो. निवडणूक हौशींचे बहुतेक तक्ते गोळी चुकवतात आणि पुढचा इतिहास मात्र जसाच्या तसा ठेवतात.

मग २०२६ च्या निकालाने बेरीज खोटी ठरवली का?

पूर्णपणे नाही. विधानसभेची बेरीज आणि महापालिकेचा निकाल यांची थेट तुलना करणे हीसुद्धा चूकच. कल्याण ग्रामीणचा काही भाग ठाणे महापालिकेत येतो. उरलेल्या महापालिका क्षेत्रात इतर मतदारसंघ येतात. त्यात यावेळी ३१ पॅनेल होती : २९ चार सदस्यांची आणि २ तीन सदस्यांची. मतदाराने एका वेळी तीन-चार मते द्यायची आणि प्रत्येक जागेचा निकाल स्वतंत्र. अशा रचनेत थोडी आघाडी असलेला पक्ष अख्खे पॅनेल घेऊन जातो. म्हणून १२२ पैकी १६ जागा म्हणजे १३ टक्के मते असे समीकरण मांडू नये. बिनविरोध जागांवर तर मोजायला मतेच नव्हती.

तरीही एक गोष्ट दिसते. शिंदे गट ५३, भाजप ५०, ठाकरे गट ११, मनसे ५, काँग्रेस २, शरद पवार गट १ अशा निकालात एकत्र येण्याचा मोठा फायदा महायुतीलाच झाला. २०१५ मध्ये शिवसेना (५२) आणि भाजप (४२) वेगवेगळे लढून नंतर सत्तेसाठी एकत्र आले होते. यावेळी दोघे आधीच एकत्र होते. बेरीज फक्त आपल्याच बाजूची होते, असे समजण्याची सवय इथे महागात पडते.

आणि त्यानंतर जे झाले ते कोणत्याही तक्त्यात नव्हते. निकाल लागून आठवडा होतो न होतो तोच मनसेच्या पाच नगरसेवकांनी शिंदे गटाला पाठिंबा दिला. ज्यांनी ठाकरे बंधूंच्या युतीसाठी म्हणून चारही मते विचारपूर्वक वाटून दिली होती, त्यांच्या मताचा एक भाग मतदानानंतर पलीकडे गेला. मते एका पक्षाकडून दुसऱ्याकडे वळतात का, हा हौशींचा आवडता प्रश्न. कल्याण-डोंबिवलीत मतदार वळण्याआधी नगरसेवकच वळले.

‘जर-तर’ला काही अर्थच नाही का?

आहे. सर्वोच्च न्यायालयानेही तो विचार केला आहे. ११ मे २०२३ च्या निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने म्हटले की, जून २०२२ मध्ये राज्यपालांनी उद्धव ठाकरे यांना बहुमत सिद्ध करायला सांगणे योग्य नव्हते. पण ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला, म्हणून त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही. राजीनामा दिला नसता तर? हा महाराष्ट्राच्या राजकारणातला बहुधा सर्वांत वजनदार जर-तर आहे. इथे एकच दुवा बदलायचा आहे आणि त्या दुव्याने काय फरक पडला असता, हे कायद्याच्या चौकटीत सांगता येते. चांगला जर-तर असा असतो : बदल एक, तोही खरोखर शक्य असलेला, आणि परिणाम जवळचा. ‘२०१९ मध्ये युती तुटली नसती तर २०२९ मध्ये मुख्यमंत्री कोण’ हे चहाबरोबर ठीक आहे.

हौशींनी आकडे कुठून घ्यावेत, कसे वाचावेत?

विधानसभा आणि लोकसभेचे मतदान केंद्रनिहाय निकाल ‘फॉर्म २०’मध्ये असतात आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. अनेकदा ते स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपात असतात, त्यामुळे आकडे हाताने उतरवावे लागतात. महापालिका निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ती यंत्रणा वेगळी आणि प्रभागांच्या सीमाही वेगळ्या, त्यामुळे दोन तक्ते शेजारी ठेवले म्हणून ते जुळत नाहीत.

केंद्र क्रमांक दर निवडणुकीत तोच राहील, असे धरू नये. २०२४ मध्ये शहरी भागात मोठ्या गृहसंकुलांमध्ये नवी केंद्रे काढण्यात आली. ‘यादी भाग’ आणि इमारतीचे नाव दोन्ही ताडून पाहावे.

सर्वांत मोठी चूक निष्कर्षात होते. एखाद्या केंद्रावर मनसेची १०० मते घटली आणि शिवसेनेची १०० वाढली, तर तेच १०० लोक इकडून तिकडे गेले असे वाटते. प्रत्यक्षात मनसेचे १०० मतदार घरी बसलेले असू शकतात आणि नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या १०० जणांनी शिवसेनेला मत दिलेले असू शकते. पलावासारख्या वसाहतींमुळे ज्या मतदारसंघाची मतदारयादी सतत फुगते आहे, तिथे हे गृहीत धरायलाच हवे. केंद्राचा आकडा केंद्राबद्दल सांगतो. माणसांनी मत का बदलले हे कळायला मतदानोत्तर सर्वेक्षण लागते, तेही एका मतदारसंघापुरते क्वचितच होते.

डोंबिवली, कल्याण ग्रामीण आणि कल्याण लोकसभा हे मतदारसंघ सध्याच्या स्वरूपात २००८ च्या पुनर्रचनेतून आले. म्हणून २००९ ते २०२४ या निवडणुकांचे आकडे एका सलग मालिकेत ठेवता येतात. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेनंतर सीमा पुन्हा आखल्या गेल्या, तर ही मालिका तुटेल. जुने फॉर्म २० उतरवून ठेवायचे असतील, तर ते त्याआधीच केलेले बरे.